शब्दाचे कूळ विचारावे

इंग्रजी शब्दार्थांची वही प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात असतेच. पानाच्या मध्यावर एक उभी रेघ, रेघेच्या डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री डावी बाजू हाताने झाकून उजवी, उजवी झाकून डावी, असे घोकणे. शब्द जितका अनोळखी तितकी घोकंपट्टी अधिक. परीक्षा सरली की आठ दिवसांत दोन्ही बाजू सारख्याच विस्मरणात जातात, आणि मग घरोघरी बोलणे निघते की, मराठी शाळेत घातले म्हणून मुलाचे इंग्रजी कच्चे राहिले. बृहन्महाराष्ट्रातील कित्येक गावी मराठी शाळांचे वर्ग ज्या कारणांनी रोडावत चालले आहेत, त्यांत ही समजूत लहान नाही. आमच्या मते दोष मराठीचा नसून त्या उभ्या रेघेचा आहे. शब्दाला जसा अर्थ असतो तसे कूळही असते. ते विचारल्यावाचून अर्थ मनात ठरत नाही. आणि अवघड वाटणाऱ्या अनेक इंग्रजी शब्दांचे कूळ शोधू गेल्यास मराठी मुलाला तेथे आपलीच मंडळी भेटतात.

'सेरेंडिपिटी' हा शब्द घ्या. वह्यांत त्याचा अर्थ 'योगायोगाने झालेला लाभ' एवढाच लिहिलेला आढळतो. हा शब्द कोणी व कोणत्या दिवशी योजला हे ठाऊक आहे. असे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्यास येते. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस मॅन या आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रात तो प्रथम वापरला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची एक जुनी कथा त्याच्या वाचनात आली होती. हे राजपुत्र प्रवासात असता, ज्यांच्या शोधात ते मुळी नव्हतेच अशा गोष्टी त्यांना उमगत जात. वॉलपोलने दिलेले उदाहरण मौजेचे आहे. वाटेच्या डाव्या बाजूचे गवत निकृष्ट असूनही तेवढेच खाल्लेले दिसले, यावरून एका राजपुत्राने ताडले की, उजव्या डोळ्याने आंधळे असलेले एक खेचर नुकतेच येथून गेले आहे. म्हणजे नुसता योगायोग नव्हे. योगायोग आणि त्याचा अर्थ लावणारी चाणाक्ष बुद्धी या दोहोंचा मेळ वॉलपोलला अभिप्रेत होता. वहीतल्या अर्थातून नेमकी बुद्धीच गळून गेली! १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी वाढली, हा योगायोग. बशी तशीच टाकून न देता बुरशीच्या भोवतीचे जंतू का नाहीसे झाले हे त्यांनी पाहिले, तेव्हा ती सेरेंडिपिटी झाली. आता हा सेरेंडिप देश कोणता? अरब लोक श्रीलंकेस सरनदीब म्हणत, आणि ते नाव 'सिंहलद्वीप' या आपल्या संस्कृत नावावरून आले असे विद्वान मानतात. ज्याला 'द्वीप' हा शब्द भूगोलाच्या पहिल्या धड्यापासून ठाऊक आहे, त्याला सेरेंडिपिटी एकदा समजल्यावर पुन्हा घोकावी लागणार नाही.

'पेट्रिकोर' हा याहून पुष्कळच अलीकडचा शब्द. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर व रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात तो प्रथम मांडला. 'पेट्रा' म्हणजे ग्रीक भाषेत खडक, आणि 'इकोर' म्हणजे ग्रीक पुराणांतील देवांच्या शिरांतून रक्ताऐवजी वाहणारा रस. तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला म्हणजे जो वास उठतो, त्याला त्यांनी हे नाव दिले. उत्तर भारतातील अत्तरवाले हाच वास चंदनाच्या तेलात धरून 'मिट्टी का अत्तर' म्हणून विकतात, याची दखल त्या शास्त्रज्ञांनीही घेतली होती. आमच्या मुलांना तो वास ठाऊक आहे, 'मृद्गंध' हा त्याचा शब्दही ठाऊक आहे. अपरिचित आहेत ती काय ती दोन ग्रीक अक्षरे! असे असता हा शब्द 'कठीण शब्दां'च्या यादीत घालून मुलांस भिववावे, याचे आम्हांस नवल वाटते.

काही शब्द तर थेट आपल्या अंगणातून गेलेले आहेत. इंग्रजी बोलीत एखाद्याचे डोके फिरले म्हणजे तो 'डूलॅली' झाला असे म्हणतात. हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळचे देवळाली. एकोणिसाव्या शतकात तेथे गोऱ्या फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक विलायतेस परतणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. जहाजे हिवाळ्याच्या सुमारासच सुटत, त्यामुळे कित्येकांना तेथे महिनेच्या महिने काढावे लागत. हाताला काम नाही, वर ऊन, भोवती रोगराई. त्यात कोणी चमत्कारिक वागू लागला की सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झाला. हा 'टॅप' म्हणजे आपला तापच. एका गावाचे नाव व एका दुखण्याचे नाव एवढ्यावर इंग्रजीने केवढे दुःख साठवून ठेवले आहे! शब्द आज थट्टेत वापरतात, पण त्यामागे घरी जाण्यासाठी तिष्ठणारी माणसे होती हे कळल्यावर तो थट्टेने उच्चारवत नाही.

'मंगूस' हा शब्द तर मराठी मुंगूसच. त्याच्या इंग्रजी अक्षरांच्या शेवटी हंसाचे इंग्रजी नाव दिसते म्हणून त्याचे अनेकवचन हंसाप्रमाणे करणारी मुले प्रतिवर्षी गुण गमावतात. त्या प्राण्याचा हंसाशी काही संबंध नाही, हे कूळ सांगितले असते तर चुकलेच नसते. जाड्याभरड्या कापडास, व पुढे त्याच्या विजारींस, इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात. हा शब्द मुंबईतील डोंगरी या भागावरून पडला असे बहुतेक कोश सांगतात.

'जगरनॉट'ची गोष्ट मात्र आनंदाची नाही. वाटेत येईल त्याला चिरडीत जाणारी अनावर शक्ती, असा त्याचा इंग्रजी अर्थ. इंग्लंडात अवजड मालमोटारीसही तो लावतात. मूळ शब्द जगन्नाथ, म्हणजे जगाचा स्वामी. भाविक मुद्दाम पुरीच्या रथाखाली देह टाकतात, अशी वर्णने परदेशी प्रवाशांनी चौदाव्या शतकापासून लिहून ठेवली, आणि ती वाचणाऱ्यांच्या मनात देवाचे नाव मागे पडून चाकेच तेवढी राहिली. शब्द परका झाला म्हणजे त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी तरी हा शब्द वर्गात शिकवावा. एका बाजूस जगन्नाथ व दुसऱ्या बाजूस मालमोटार असे दोन रकाने करून हे समजणार नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. इंग्रजीतले शब्द आपल्याकडून गेले हे कळताच काहींना असा हर्षवायू होतो की, त्यांना सारे इंग्रजीच संस्कृतातून निघालेले दिसू लागते. हा अभिमान नव्हे, आळस आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी सांगितले ते असे की, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ उगमापासून निघालेल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. म्हणजे नाते माय-लेकीचे नव्हे, बहिणींचे. बैलांच्या मानेवर ठेवतात ते आपले 'जू' संस्कृत 'युग' या शब्दापासून आले. इंग्रजीतील 'योक' हा त्याच युगाचा दूरचा भाऊ. आपला 'द्वार' व त्यांचा 'डोअर', आपली 'विधवा' व त्यांची 'विडो' हेही तसेच. पण फारसीतील 'बद' व इंग्रजीतील 'बॅड' यांचा उच्चार जवळचा, अर्थ एकच, तरी त्यांचे काडीमात्र नाते नाही. कानास सारखे लागले म्हणून सोयरीक जुळत नसते. त्यासाठी कोश उघडावा लागतो.

वर्गात वेळ कोठे आहे, असे शिक्षकबंधू विचारतील. दिवसास एक शब्द घेतला तर पाच मिनिटे पुरतात, आणि वहीत आणखी एक रकाना आखण्यास तर तेवढीही लागत नाहीत. दुर्मीळ शब्द निबंधात ठासून भरावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही; तो तर निबंध वाचणाऱ्याचा छळ होय. पालकांनाही आमची विनंती आहे. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासापासून दूर बसू नये. ज्या आजोबांनी जू बैलाच्या मानेवर ठेवले आहे, ते 'योक' हा शब्द नातवाला जितका समजावून देतील तितका शिकवणीच्या वर्गात समजणे कठीण आहे.

तिसऱ्या रकान्यात कधीकधी काहीच लिहिता येणार नाही, हेही मुलांनी पाहावे. ऐटबाज या अर्थाचा 'पॉश' हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. हिंदुस्थानास येताना बोटीच्या डाव्या बाजूच्या व परतताना उजव्या बाजूच्या, म्हणजे उन्हापासून बचावलेल्या, महागड्या खोल्या श्रीमंत लोक घेत. त्यांच्या तिकिटांवर मारलेल्या चार आद्याक्षरांपासून हा शब्द झाला, अशी एक छानदार कथा सांगतात. कथा ऐकावी, हसावे, पण वहीत उतरू नये. असे एकही तिकीट आजवर कोणाच्या हाती लागलेले नाही, आणि कोशकार त्या शब्दापुढे 'व्युत्पत्ती अनिश्चित' एवढेच लिहून मोकळे होतात.