ब्रह्मा बॉम्ब नको, धोबीपछाड हवा

सेगा या जपानी कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये ‘व्हर्च्युआ फायटर’च्या नव्या भागाची झलक दाखवली. ही मालिका १९९३ ची. आधीचा क्रमांकाचा भाग, म्हणजे पाचवा, २००६ सालचा. इतक्या वर्षांनी जुनी मालिका पुन्हा उभी राहते तेव्हा जगभरचे खेळाडू एकच प्रश्न विचारतात: नवीन लढवय्ये कोण? या मालिकेची खासियत अशी की तिच्यात प्रत्येक पात्र एखाद्या खऱ्या युद्धकलेवर उभं असतं. तिसऱ्या भागात सुमो आली, चौथ्याच्या सुधारित आवृत्तीत ज्युदो, पाचव्यात मेक्सिकोची लुचा लिब्रे. कुस्ती अजून आलेली नाही.

काही मित्र लगेच म्हणतील, इथे अत्याचाराच्या फिर्यादी नोंदवून घेत नाहीत आणि तुम्हाला व्हिडिओ गेमची पडली आहे. पडली आहे, कारण आपल्या वस्तीतल्या पोरांना ती कधीपासूनच पडलेली आहे. रुपयाचं कॉइन टाकून पत्र्याच्या दुकानात खेळली गेलेली ‘स्ट्रीट फायटर’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हे नव्वदीतल्या शहरी वस्त्यांचं मोठं करमणुकीचं साधन होतं. आता तेच मोबाईलवर आलं. ज्या पडद्यासमोर आपली मुलं तासन् तास बसतात, त्या पडद्यावर ‘भारत’ म्हणून काय उभं केलं जातं हा प्रश्न क्रमिक पुस्तकाच्या प्रश्नाइतकाच आपला आहे.

तर, काय उभं केलं जातं? धालसिम.

१९९१ साली ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर २’ काढला. त्यातला भारताचा प्रतिनिधी म्हणजे हाडकुळा, टक्कल असलेला योगी. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, रबरासारखे लांब होणारे हातपाय. मागे महाल, दोन्ही बाजूंना ओळीने हत्ती, भिंतीवर गणपती. मुलाचं नाव दत्ता (हे मला नेहमी गमतीचं वाटतं, ओसाकात बसून कुणीतरी नेमकं आपल्या गावातलं नाव उचललं). हा योगी १९७६ च्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ या कुंगफू सिनेमातल्या, हात लांब करणाऱ्या भारतीय योग्यावरून घेतला असं मानलं जातं. म्हणजे ओसाकाचा भारत आला कुंगफू सिनेमातून, आणि कुंगफू सिनेमाचा भारत आला साधू-सापवाल्यांच्या जुन्या चित्रांतून. भारत पाहायची गरज मधे कुणालाच पडली नाही.

एडवर्ड सईदने १९७८ मध्ये ‘ओरिएंटलिझम’मध्ये पाश्चात्त्यांनी पूर्वेचं चित्र कसं रचलं ते मांडलं. समाजशास्त्राच्या वर्गात आपण ते शिकतो आणि दोष गोऱ्यांवर टाकून मोकळे होतो. धालसिमच्या बाबतीत तेवढ्यावर सुटका नाही. हे चित्र जपानने काढलं, पण कच्चा माल इथून गेला. योग, साधू, महाल, हत्ती, देऊळ हा भारताचा चेहरा म्हणून जगभर पाठवण्याचं काम इथल्या सवर्णांनी पिढ्यान् पिढ्या केलं आणि आजही सरकारी खर्चाने चालू आहे. कॅपकॉमचे लोक मनुवादी नव्हते. त्यांनी दुकानात जे मांडलं होतं ते घेतलं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. धालसिमची मूळ कथा वाईट नाही. तो हिंसा न आवडणारा माणूस आहे, गरीब गावासाठी पैसे उभे करायला लढतो. गळ्यातल्या कवट्या साथीत मेलेल्या गावातल्या लेकरांच्या आहेत. औषधपाण्यावाचून मेलेली लेकरं! यात एक खरा भारत होता. पण ती कथा पुस्तिकेत राहिली आणि पडद्यावर उरला आग ओकणारा साधू.

आता मुद्दा नव्या भागांचा. जुनी मालिका पुढे नेणारा प्रत्येक दिग्दर्शक सांगतो, जुने चाहते दुखावता येत नाहीत, पात्राची ओळख जपावी लागते. ‘परंपरा’ हा शब्द आपल्या कानाला चांगलाच ओळखीचा आहे. परंपरा म्हणजे काय बदलायचं आणि काय नाही हे कुणीतरी ठरवलेलं असतं. कारण बदल होतात, भरपूर होतात. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये सुरुवातीला दोघांना एकच पात्र घेता येत नव्हतं आणि शेवटचे चार बॉस फक्त मशीनच्या ताब्यात होते. १९९२ च्या ‘चॅम्पियन एडिशन’ने दोन्ही बंधनं काढली. झांगिफ सोव्हिएत संघाचा पहिलवान होता, तो देशच नकाशावरून गेला आणि झांगिफ रशियाचा झाला.

सगळ्यात बोलकं उदाहरण डी जे या पात्राचं. १९९३ मध्ये आलेला हा जमैकाचा ब्लॅक किकबॉक्सर. त्याच्या विजारीवर उभं ‘मॅक्सिमम’ लिहिलेलं असायचं, कारण पात्र उजवीकडून डावीकडे वळलं की चित्र आरशासारखं उलटतं आणि ती रोमन अक्षरं उलटली तरी वाचता येतात. हुशारी होती, पण चेहरा मात्र दात विचकणारा, थट्टेचा. जून २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये कॅपकॉमने हाच माणूस असा घडवला की पाहत राहावं: ऐटबाज, आत्मविश्वासाचा, मस्तीत असलेला संगीतकार. त्याच भागात किंबर्ली ही ब्लॅक तरुणी नव्याने आली. अमेरिकेतल्या फायटिंग गेमच्या जगात ब्लॅक खेळाडू पहिल्यापासून मोठ्या संख्येने आहेत. ते मशीनसमोर उभे होते, स्पर्धेत होते, बोलत होते. शेजारच्या ‘टेकेन’ मालिकेत शाहीन हे सौदी पात्र आणताना निर्माते कात्सुहिरो हाराडा यांनी अरब चाहत्यांची मतं घेतली. म्हणजे विचारायची पद्धत आहे. विचारलं जातं.

आणि धालसिम? पाचव्या भागात त्याला पांढरी दाढी आणि फेटा मिळाला. सहाव्यात त्याचं मैदान आहे ‘धालसिमर टेंपल’. महालातून देवळात. बत्तीस वर्षांत आपला प्रवास एवढाच.

भारतातून कुणीच बोललं नाही असं नाही. बोलले ते भावना दुखावलेले. २०१२ मध्ये ‘स्माइट’ या गेममध्ये काली दाखवली म्हणून अमेरिकेतल्या हिंदू संघटनेने आक्षेप घेतला. मागणी काय, तर देवतेचा मान राखा. तिथला परदेशी निर्माता यातून शिकतो काय? भारत म्हणजे देव, आणि देवाला जपून हात लावायचा. पुढच्या वेळी तो अधिक सुबक, अधिक ‘आदरपूर्वक’ देऊळ बांधतो. इथल्या निर्मात्यांचंही वेगळं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. कारागिरी खरोखर देखणी, पण लढणाऱ्या मुलीच्या पाठीशी कोण? दुर्गा आणि विष्णू. मुलगी सर्कशीत कसरत करणारी आहे, अंग कमावलेली आहे. डोंबाऱ्याच्या, कोल्हाट्याच्या पोरींनी रस्त्यावर दोरीवर चालत जे कमावलं तेच कसब. तरी तिच्या हातात बळ देवाने दिल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही.

कुस्तीही एकदा आली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९९६ मध्ये कॅपकॉमसाठी अरिका कंपनीने ‘स्ट्रीट फायटर इएक्स’ ही जोडमालिका केली. त्यात दारुन मिस्टर नावाचा भारतीय पहिलवान होता. मुख्य मालिकेत त्याला कधी जागा मिळाली नाही. पण त्याच्या डावांची नावं बघा: ब्रह्मा बॉम्ब. इंद्रा ब्रिज. गँजेस डीडीटी.

आता आपल्या तालमीतली नावं आठवा. धोबीपछाड. मोळी. ढाक, घिस्सा, टांग, एकेरी पट. धोबी कपडा दगडावर आपटतो तसा माणूस खांद्यावरून आपटला तो धोबीपछाड. सरपणाचा भारा बांधावा तसा गडी बांधला ती मोळी. राबणाऱ्या अंगाला जे ठाऊक होतं त्यालाच इथे डावाचं नाव मिळालं. हजार वर्षं कपडे बडवणाऱ्या जातीला ज्या समाजाने शिवून घेतलं नाही, त्याच समाजाच्या आखाड्यात तिच्या कामाचं नाव घेतल्याशिवाय डाव शिकवता येत नाही. हा माल जपानला कुणी पाठवलाच नाही. ब्रह्मा आणि इंद्र पाठवले. त्यांनी कधी लंगोट लावला होता?

तालीम जातीमुक्त होती असं म्हणून तिचे गोडवे गाऊ नका. नव्हती. म्हणूनच पुण्याच्या गंज पेठेतली लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम महत्त्वाची. मांग समाजातल्या या वस्तादाकडे जोतीराव फुले लाठी आणि दांडपट्टा शिकले. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात गुरू कोण आणि शिष्य कोण, ही उलटापालट जन्मावर नव्हे तर कसबावर झाली. त्या पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. कोल्हापुरात खासबाग मैदान उभारणारे शाहू महाराजच १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी उभे होते. इतका माल दोन जिल्ह्यांत सापडतो, आणि पुण्यात बसलेल्या गेम कंपन्यांना तो दिसत नाही, कारण बघणारे डोळे त्या वस्तीतून आलेले नाहीत.

शिवाय आजचा काळ घ्या. ‘स्ट्रीट फायटर ६’ २ जून २०२३ ला बाजारात आला. त्याच्या पाच दिवस आधी, २८ मेला, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, दिल्ली पोलिसांनी साक्षी मलिक आणि विनेश फोगाट यांना रस्त्यावरून फरफटत नेलं. जगाच्या पडद्यावर भारताचा लढवय्या देवळात ध्यान करत होता आणि भारताच्या खऱ्या लढवय्या डांबरावर होत्या. त्या जाट आहेत, जातीच्या उतरंडीत त्यांची आणि आपली जागा एक नाही, हे मी विसरत नाही. पण बाईचं कमावलेलं अंग या व्यवस्थेला किती खुपतं ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये याच विनेशने जपानच्या युई सुसाकीला हरवलं, तोवर आंतरराष्ट्रीय मैदानात कुणालाच न हरलेल्या सुसाकीला. जपानच्या गेम कंपन्यांना भारतीय कुस्तीगीर बाई कशी असते हे त्यानंतर शोधायला कुठे लांब जावं लागणार नाही.

आपल्याकडूनही एक सूचना वारंवार येते: भीमा कोरेगावचा सैनिक घाला, निळा फेटा बांधा, झालं. मला ती पटत नाही. फायटिंग गेममधलं प्रत्येक पात्र रोज लाखो वेळा हरतं. खेळाचा तोल असा राखतात की कुणीच कायम जिंकू नये. म्हणून ज्यांच्यापुढे आपण मान झुकवतो त्यांना तिथे नेऊ नये. तिथे साधी माणसं हवीत, ज्यांना हरून उठता येतं. एखाद्या वस्तीतल्या तालमीत घाम गाळणारी, सकाळी आईबरोबर धुणीभांडी करून येणारी पोरगी. तिच्या हातून आग निघायची गरज नाही. तिने धोबीपछाड मारावा आणि तो मारताना तिची कंबर खऱ्या कुस्तीगिरासारखी वळावी.

ती कंबर वळवणं हे काम आहे, आणि ते काम कुणाच्या हातात आहे हा माझा खरा प्रश्न आहे. या गेममध्ये सेकंदाची साठ चित्रं होतात. एक डाव लागायला किती चित्रं, सावरायला किती, समोरच्याला किती वेळ मिळतो, हे सगळं मोजून बसवतात. त्यासाठी अ‍ॅनिमेटर लागतो, प्रोग्रॅमर लागतो, अंगाला सेन्सर लावून डाव करून दाखवणारा खरा पहिलवान लागतो, आणि दिवसभर खेळून चुका पकडणारा परीक्षक लागतो. शेवटची दोन कामं आपल्या पोरांना आज येतात. पहिली दोन येत नाहीत, कारण त्यांच्या खाजगी कोर्सची फी घरच्या वर्षाच्या कमाईएवढी असते.

बुद्धिमत्ता कमी पडते म्हणणाऱ्यांनी लाहोर पाहावं. तिथल्या टोकनच्या दुकानांतून वर आलेला अर्सलान ॲश २०१९ मध्ये जपान आणि लास वेगास, दोन्हीकडची ‘एव्हो’ स्पर्धा ‘टेकेन’मध्ये जिंकला. जगाला लाहोरचा पत्ता त्यानंतर कळला. खेळात तरी मशीन आडनाव विचारत नाही. बनवण्याच्या दालनात विचारलं जातं, कधी फीच्या रूपाने, कधी इंग्रजीच्या, कधी ‘ओळखीतला आहे’ या रूपाने.

मे २०२५ मध्ये मुंबईत सरकारने ‘वेव्हज’ परिषद थाटात भरवली आणि गेम-अ‍ॅनिमेशनसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज मुंबईतच उभी केली. जनतेच्या पैशाच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या संस्थेला लेखी प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे. प्रवेशात अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त यांच्या जागा किती? भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती तिथल्या कोर्सला लागू आहे का? वसतिगृह कुठे? स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवणाऱ्या बार्टीने यूपीएससी, एमपीएससी आणि बँकेसोबत अ‍ॅनिमेशन आणि गेम प्रोग्रॅमिंगची एक तुकडी का काढू नये? प्रत्येक तालुक्यातून माहिती अधिकाराचा एक अर्ज, आणि बार्टीच्या महासंचालकांना एक निवेदन. निवेदनाचा मसुदा ज्यांना हवा त्यांनी कळवावं, मी तयार करतो आहे. तालमीत जाणाऱ्या पोरापोरींच्या सह्या त्यावर आधी घ्या, नंतर पदाधिकाऱ्यांच्या.

जय भीम.