जिभेवरची गोळी

गोळी गिळता न येणे हा आजार कोणत्याही केसपेपरवर लिहिला जात नाही. पण कंपवाताने हात-गळा दोन्ही आखडलेले आजोबा किंवा उलट्यांनी बेजार झालेले मूल यांचे औषध त्यापायीच वाया जाते. मग घरोघरी खलबत्ता निघतो. मला तो धोक्याचा वाटतो, कारण दिवसभर हळूहळू झिरपण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो.

जिभेवर विरणाऱ्या गोळीचे मोल इथे आहे. औषधाचे मिश्रण गोठवून त्यातला बर्फ निर्वातात उडवून लावला की सच्छिद्र, हलकी वडी उरते आणि ती लाळ लागताच विरते. या 'झायडिस' पद्धतीच्या लोराटाडिनला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मात्र लवकर विरली म्हणून लवकर गुण येतो, असे नाही. यातले बहुतेक औषध लाळेबरोबर पोटात जाऊनच रक्तात उतरते. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळी वेगळी.

आपल्याकडे मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती चमचाभर पाण्यात विरणारी झिंकची साधी गोळी. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएसबरोबर ती १० ते १४ दिवस द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने व युनिसेफने २००४ मध्येच सांगितले. आशाताईच्या पिशवीत ती असते. तान्ह्याला आईच्या दुधात विरघळवूनही देता येते. पण जुलाब थांबले की पाकीट फडताळात जाते. उरलेल्या गोळ्या कशासाठी, हे त्या आईला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.