क्षमेची तारीख

आमच्या इमारतीत तळमजल्यावर दिगंबर हुमड कुटुंब राहते, पहिल्या मजल्यावर स्थानकवासी मारवाडी. दोघांचीही कापडाची दुकाने चाटी गल्लीत. दुसऱ्या मजल्यावर आम्ही. त्यामुळे दोन्ही पक्षांची गाऱ्हाणी जिन्यातच ऐकावयास मिळतात.

गाऱ्हाणे एकच, पाण्याचे. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनीहून निघालेले पाणी सोलापूरच्या नळांना रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येते, तेही पुष्कळदा अवेळी, आणि त्या रात्री सारी पेठ जागी असते. गेल्या वर्षी खालच्या शेठजींनी नळालाच मोटार जोडली. वरच्यांचा नळ फुसफुसू लागला. आठ दिवसांत वरच्यांनी त्याहून जोरकस मोटार आणली. तेव्हापासून अबोला. दोन्ही घरांत पाणी मात्र गाळूनच वापरतात. सूक्ष्म जीवाला इजा होऊ नये म्हणून दुहेरी फडके असते. शेजाऱ्याच्या रिकाम्या घागरीसाठी त्या फडक्यात जागा नसावी.

हळूहळू मंदिरात खालच्यांची बाजू घेतली जाऊ लागली, स्थानकात वरच्यांची. पाण्याचे भांडण पंथाचे झाले. ज्यांच्या घरी चोवीस तास बोअरचे पाणी आहे, तेच यात अधिक आवेशाने बोलत!

यंदा भाद्रपद शुद्ध पंचमीला, संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपून वरचे शेठजी खाली आले. हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाले. आमचे दशलक्षण पर्व त्याच दिवशी सुरू झालेले, आणि पहिला दिवस उत्तम क्षमेचाच. खालचे शेठजी सकाळी मंदिरात त्यावरचे प्रवचन ऐकून आले होते. तरी म्हणाले, "आमची क्षमावाणी अनंत चतुर्दशीनंतर. ती होऊ द्या, मग पाहू."

पंचांगाप्रमाणे त्यांचे काही चुकले नव्हते. मला मात्र बँकेतले उचंत खाते आठवले. रक्कम जमा झालेली असते. कोणाच्या नावे घालायची एवढेच ठरत नाही. मधल्या दिवसांत पाणी दोनदा आले, दोन्ही मोटारी चालल्या. क्षमावाणीला खालचे शेठजी वर गेले, तर उत्तर मिळाले, "आमची तारीख केव्हाच होऊन गेली."

दिवाळीनंतर फलटणहून एक गृहस्थ खालच्यांच्या मुलीची चौकशी करण्यास आले. आपल्याकडे पत्रिकेपेक्षा शेजाऱ्याच्या शब्दाला मोल अधिक. वरच्यांशी त्यांचा जुना व्यवहार होता, म्हणून ते थेट पहिल्या मजल्यावर गेले. पाण्याचा दिवस होता. तरी खालची मोटार प्रथमच बंद होती. शेठाणी जिन्याच्या तोंडाशी पदर धरून उभ्या होत्या.

"मुलगी गुणी आहे, माणसे सरळ आहेत," वरून आवाज आला. "पाण्यावरून काही कानांवर आले असेल, तर ते आमच्या घरातले भांडण आहे. त्याचा सोयरिकीशी संबंध नाही."

मार्गशीर्षात साखरपुडा झाला. पहिली अक्षत वरच्या घरी गेली. त्या दिवशी नेमके पाणी आले आणि एकमेकांच्या आदराखातर दोघांनीही मोटारी लावल्या नाहीत. पाहुण्यांना सारे पाणी आमच्या टाकीतून पुरवले. आमच्याही नळाला मोटार आहे, तीही या दोघांच्या आधीपासून, हे तेव्हा प्रथमच उघडकीस आले. माझी क्षमा दोन्ही तारखांना मागायची राहिली आहे.