शंभर नंबरी याद्या

'गेल्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ शंभर कादंबऱ्या' छापाची यादी कुणी फॉरवर्ड केली की माझं डोकं सणकतं. यादी करायला माझी ना नाही. चीड येते ती 'काळाच्या कसोटीवर उतरलेल्या' ह्या शब्दांची. कुठला काळ? आणि कसोटी कुणाची?

१९९८ साली मॉडर्न लायब्ररीने अशी यादी काढली. पहिला नंबर जॉइसच्या 'युलिसिस'चा. ठीक. पण ती फक्त इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्यांची होती. म्हणजे काफ्का, मान, मार्केझ शर्यतीतच नव्हते. आता टेबलवर 'भाषा = इंग्रजी' असा फिल्टर लावायचा आणि आलेला रिझल्ट म्हणजेच अख्खा डेटाबेस असं ठोकून द्यायचं, हे आमच्या धंद्यात कुणी केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी निघतील. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या 'ल मोंद'ने शतकातल्या शंभर पुस्तकांची यादी छापली. पहिला कोण? काम्यू! ज्याची भाषा, त्याचा पहिला नंबर.

'अहो, चांगलं असेल ते आज ना उद्या वर येतंच' असं म्हणणारे भेटतात. येतं, पण कसं ते बघा. हंगेरीच्या शांडोर माराईची कादंबरी १९४२ ची. ती 'एम्बर्स' नावाने इंग्रजीत गाजली २००१ मध्ये, तीही मूळ हंगेरियनवरून नव्हे, जर्मन भाषांतरावरून. माराई बिचारा १९८९ मध्येच अमेरिकेत वारला होता. क्रास्नाहोर्कईची 'सातानटँगो' १९८५ ची. इंग्रजीत यायला २०१२ उजाडलं, आणि लेखकाला नोबेल मिळालं २०२५ मध्ये. मधल्या सत्तावीस वर्षांत त्या कादंबरीत काय बदललं? काहीच नाही. फक्त तिला भाषांतरकार मिळाला. ह्याला काळाची कसोटी नाही, रांगेत नंबर लागणं म्हणतात. आणि ज्यांचा नंबर लागलाच नाही, त्यांची नावं तुम्हा-आम्हाला कळणार तरी कशी?

आपल्याकडे ह्याच्या उलट घडलं होतं. जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टर उचलला. ओहायोच्या जंगलात वस्ती करणाऱ्या माणसांवरच्या त्याच्या तीन कादंबऱ्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' म्हणून मराठीत आणल्या. रिक्टरला १९५१ चं पुलित्झर मिळालेलं, तरी पुढे त्या शंभरांत तो नाही. म्हणून 'रान' वाचलेल्या मराठी माणसाचं काय अडलं? एका चोखंदळ वाचकाला एक लेखक आवडला, त्याने तो आपल्या भाषेत आणला. बस्स.

हे व्हायला हवं. नाहीतर इंग्रजीने जे गाळलं तेच मराठीतही गळणार, आणि आपण त्यालाच जागतिक साहित्य म्हणत बसणार.

एक साधा उपाय सांगतो. यादी बाजूला ठेवा आणि भाषांतरकाराचं बोट धरा. 'सातानटँगो' इंग्रजीत आणली जॉर्ज सिर्तेश ह्या कवीने. त्याची इतर भाषांतरं शोधा, त्यात माराईच्याही कादंबऱ्या सापडतील. एका दारातून दुसरं दार.

तरीही याद्यांवर विश्वास ठेवायचाच असेल तर एवढंच लक्षात ठेवा: मॉडर्न लायब्ररीच्या त्या यादीत १९६३ ची 'कोसला' नियमानेच बसू शकत नव्हती. म्हणून ती टिकली नाही म्हणाल?