नवेगावचा बांध कुणाचा?

पुण्या-मुंबईच्या माणसाला नागपूर म्हणजे महाराष्ट्राचे टोक वाटते. त्या टोकाच्याही पुढे, रायपूरच्या रस्त्याने शंभरावर किलोमीटर गेले की कोहमारा लागते. तिथून दक्षिणेला वळायचे. दोन्ही बाजूंना जंगल, मधून धानाच्या बांध्या, आणि मग एकाएकी समोर समुद्रासारखे पाणी. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा नवेगाव बांध. गेल्या हिवाळ्यात धानाची कापणी उरकत आलेली असताना आम्ही कार्यकर्ते तिकडे जाऊन आलो. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसे. विहिरीला चार हात पाणी असले तर शेजाऱ्याला बोलावून दाखवणारी. अकरा-एक चौरस किलोमीटरचे गोडे पाणी एका जागी पाहून बोलणेच सुचेना.

तलावाभोवती टेकड्या आहेत. त्यांच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. सकाळी धुके उठले की पाण्यावर बदकांचे थवे दिसतात, ढिवरांचे डोंगे दिसतात. पलीकडे जंगल आहे. १९७५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. त्यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’मुळे हे नाव मराठी वाचकांच्या घरात पोचले. आता शनिवार-रविवारी गाड्या येतात, दुर्बिणी निघतात आणि निसर्गाने काय सौंदर्य उधळले आहे, असे म्हणून मंडळी परततात.

आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो. निसर्गाने टेकड्या दिल्या, पाऊस दिला. तलाव निसर्गाने दिलेला नाही. तो शेतकऱ्याने बांधला आहे. बांधणाऱ्याचे नावसुद्धा लोकांना ठाऊक आहे: कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने टेकड्यांमधली वाट मातीच्या पाळीने अडवली. सात बहिणींनी त्याला मदत केली, अशी गोष्ट सांगतात. पुढे लोकांनी त्यालाच कोलासूर देव केले आणि टेकडीवर त्याचे ठाणे झाले. इंजिनिअर नाही, टेंडर नाही, जागतिक बँकेचे कर्ज नाही, भूमिपूजनाला मंत्री नाही. तीनशे वर्षे झाली, पाळ उभी आहे आणि खाली धान पिकतो आहे.

आणि हा एकटाच तलाव नव्हे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे सहा हजारांवर जुने तलाव आहेत. चांद्याच्या गोंड राजांनी म्हणे असा शिरस्ता ठेवला होता की जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. कोहळी हे उसाचे आणि पाण्याचे जाणते लोक. त्यांनी संधी ओळखली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर राजाने एवढेच केले की गुंतवणाऱ्याला त्याच्या गुंतवणुकीचे फळ मिळेल अशी हमी दिली. बाकीचे शेतकऱ्याने केले. आज शेतीत भांडवल येत नाही म्हणून चर्चासत्रे भरवणाऱ्यांनी एकदा या पाळीवर येऊन उभे राहावे.

तलावाची रचना आमच्यासारख्या परक्यांना गावकऱ्यांनी समजावून दिली. वर जंगल, त्याच्या पायथ्याशी तलाव. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचे तोंड असते, त्याला इकडे तुडूम म्हणतात. तुडुमातून पाटाने पाणी बांध्यांत उतरते. एका बांधीतून दुसरीत, धुऱ्याधुऱ्याने. जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत. पाणी वाटायला गावचा पाणकर असे; त्याला धानाच्या राशीतून वाटा मिळे. उन्हाळ्यात तलावाचा गाळ बैलगाड्यांनी बांध्यांत जाई, म्हणजे तलाव खोल होई आणि शेत सकस. रोवणीच्या वेळी पावसाने ओढ दिली की तुडूम उघडायचे, एवढ्यावर पीक तरून जाई. रोजगार, खत, मासे, शिंगाडे, गुरांचे पाणी हे सगळे एका पाळीमागे. या सगळ्याला हल्ली एकात्मिक विकास म्हणतात आणि त्यासाठी वेगळा आयुक्त नेमतात.

मालगुजार काही संत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजी अमदानीत मालगुजारी आली आणि तलाव मालगुजाराच्या हातात गेले. पाळीवर माती टाकायला वेठ होती, गाळ काढायला वेठ होती. पाणकर कुणाचे ऐकायचा हे सर्वांना ठाऊक होते. पण मालगुजाराची स्वतःची जमीन त्याच तलावाखाली होती. तुडूम गळले तर पहिले नुकसान त्याचे. म्हणून तुडूम गळत नसे.

मग स्वातंत्र्य आले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होते. १९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला आणि मालगुजारीबरोबर बहुतेक तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराची मालकी गेली याचे आम्हाला दुःख नाही. प्रश्न असा की ती गेली कुणाकडे? तलावाखालच्या शेतकऱ्याकडे यायला हवी होती, पाळीवर माती टाकून ज्यांची हाडे झिजली त्यांच्याकडे यायला हवी होती. ती गेली सरकारकडे. आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने जे नववे परिशिष्ट जन्माला आले, त्याच्या पहिल्या तेरा कायद्यांत हाही कायदा आहे. म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून न्यायालयात दाद मागायची सोय नाही, असा बंदोबस्त. परिशिष्ट नऊवर आपण सभांमधून पुष्कळ बोललो आहोत. त्या परिशिष्टाने काय केले ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर अर्जुनी मोरगावात फुटक्या तुडुमाशी उभे राहावे.

सरकारने या तलावांना नाव दिले ‘माजी मालगुजारी तलाव’. कागदावर त्याचे लघुरूप झाले ‘मामा तलाव’. कारकुनाच्या लेखणीतून कधी कधी खरे बाहेर पडते! तलावाचा मामा झाला आणि शेतकऱ्याचाही. पाणी लहान क्षेत्राचे असेल तर तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठ्या क्षेत्राचे असेल तर राज्याच्या खात्याकडे. मासेमारीचा ठेका वेगळ्या खात्याचा, जंगलातला तलाव असेल तर वनखात्याची परवानगी, गाळ उचलायचा तर महसूल खात्याची. एका पाळीला इतके मालक झाले की पाळीवर माती टाकायला कुणीच उरला नाही. गाळ साचला, काठांवर बेशरम माजली, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली. तुडुमाच्या जागी कुठे लोखंडी दार बसवले, ते गंजून अडकले. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. बैलगाडीने शेतकरी जे न सांगता करत होता, ते करण्यासाठी आता अर्ज, यंत्र आणि छायाचित्र लागते.

पाळीवर एक म्हातारे शेतकरी भेटले. आम्ही विचारले, बाबूजी, हा तलाव कुणाचा? ते म्हणाले, “तलाव सरकारचा, पानी देवाचा, चिखल तेवढा आमचा.”

पक्षी पाहायला येणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. गोंदिया जिल्हा सारसांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात या पक्ष्याचे हे जवळजवळ शेवटचे घर. माणसाएवढा उंच पक्षी, जोडीने हिंडतो, आणि घरटे कुठे करतो? धानाच्या बांधीत. उभ्या पिकात घरटे झाले की तेवढा तुकडा शेतकरी सोडून देतो. असे करणारे शेतकरी तिथे आहेत. मेजवानी शेतकऱ्याची, कौतुक वनखात्याचे. रानडुक्कर मात्र कौतुकाचे मानकरी नाही, ते रात्रीत अख्खी बांधी लोळवते. २०२२ साली गडचिरोलीकडून हत्तींचा कळप याच तालुक्यात शिरला आणि उभा धान तुडवून गेला. नुकसानभरपाईचे दर असतात, पंचनामे होतात; पण ज्या शेतकऱ्याच्या जिवावर हे वन्यजीवन जगते त्याला भागीदार म्हणायची कुणाची तयारी नाही. तो फिर्यादी तरी किंवा आरोपी तरी.

या सर्वांवर कडी धानाच्या भावाची. २०२४-२५ च्या खरिपासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३०० रुपये ठरली. त्याआधी जुलै २०२३ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत बिगर बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीला बंदी होती. पाळ बांधायची शेतकऱ्याने, पाणी जपायचे त्याने, सारस पोसायचा त्याने, आणि जगाच्या बाजारात चार पैसे मिळायची वेळ आली की सरकार दारावर कुलूप लावणार. असा धंदा करणाऱ्याने तलाव दुरुस्त तरी कशाच्या जोरावर करावा?

आता एक कडू गोष्ट, आपल्याच लोकांसाठी. तलाव परत मागायचे म्हटले की आपण शेतकरी तेवढे धरतो आणि ढिवरांना विसरतो. शेतकऱ्याला वाटते, धानाला गरज पडली तर तलाव तळापर्यंत सोडावा. ढिवर म्हणतो, उन्हाळ्यात चार हात पाणी राहिले नाही तर माशांचे बीज कुठे जगेल? दोघेही खरे बोलतात. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज विकत आणून सोडण्याच्या नादात मरळीसारखे मूळचे मासे मागे पडले. याच तालुक्यात ढिवर समाजाच्या माणसांनी, त्यातही बायांनी, तलावांत उतरून बेशरम उपटली आणि देवधानासारख्या पाणवनस्पती हाताने पुन्हा लावल्या. जिथे लावल्या तिथे मासा आणि पाखरू दोन्ही परतले. पगारी खात्याला जे जमले नाही ते गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायांनी केले. तलाव परत मागताना त्यांचा हिस्सा कागदावर आधी लिहिला पाहिजे. नाहीतर आपण नवे मालगुजार ठरू.

कुणी म्हणेल, कायदे आहेत की. २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, पाणीवापर संस्था झाल्या. झाल्या खऱ्या, पण व्यवस्थापन दिले, मालकी नाही. म्हणजे भाड्याच्या घराचे छप्पर भाडेकऱ्याने शाकारायचे. त्यापेक्षा २००६ चा वनहक्क कायदा पुढे जातो. त्यात पाणवठ्यांतील मासे व इतर उत्पन्नावर गावाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. २००९ साली गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने त्याच कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. जंगल परत घेता येते तर तलाव का नाही?

मागणी थोडक्यात अशी: पाळ, तुडूम, पाट, गाळ, मासे आणि पाहुण्यांकडून घेतले जाणारे प्रवेशशुल्क या सर्वांवर तलावाखालच्या शेतकऱ्यांची आणि तलावातल्या ढिवरांची संयुक्त मालकी. सरकारने एकदा तलाव नीट करून द्यावा, कारण त्याच्या ताब्यात असताना तो बिघडला. त्यानंतर त्याने हात काढून घ्यावा.

पूर्व विदर्भातल्या तालुका प्रमुखांनी जिल्हा बैठकीला येताना आपल्या तालुक्यातल्या निदान पाच मामा तलावांची माहिती लिहून आणावी. सातबाऱ्यावर नाव कुणाचे, ताबा कोणत्या खात्याकडे, तुडूम चालते की अडकले, गाळ शेवटचा कधी निघाला, मासेमारीचा ठेका कुणाला, आणि निस्तारपत्रकात गावाचे जुने हक्क काय नोंदले आहेत, एवढे पुरे. निस्तारपत्रकाची नक्कल तहसीलमध्ये अर्ज करून मागावी. नाही म्हणाले तर तेही लिहून घ्यावे.