चाकामागची चकती : एक अनिष्ट फेरफार

अंबरनाथ व उल्हासनगर या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या दारी पूर्वी बैलगाडी उभी असे. सांप्रत तेथे ट्रॅक्टर, जीप अथवा माल वाहणारी पिकअप उभी असते. हा पालट इष्टच आहे व त्याविरुद्ध प्रस्तुत लेखकाचे काही म्हणणे नाही. परंतु बैलगाडीबरोबर एक चांगली सवयही आपल्या हातून सुटली, तिचे मात्र वाईट वाटते. आसाच्या टोकाची खीळ हाताने चाचपून पाहिल्याशिवाय जुना गाडीवान कासऱ्याला हात लावीत नसे. आजच्या गाडीची खीळ म्हणजे चाकाचे नट. ते रोज कोण चाचपतो? चाचपणे तर दूरच, उलट चाकामागे आणखी एक चकती सारण्याची नवी हौस आपल्या भागात शिरली आहे. तिच्यासंबंधी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

या चकतीस बाजारात स्पेसर म्हणतात. हब आणि चाक यांच्यामध्ये ती बसविली म्हणजे चाक तितके बाहेर येते. ही चकती बसविणारे तीन कारणे सांगतात. रुंद टायर घातल्यास ते आतल्या बाजूस घासू नये, हे एक. गाडी रुबाबदार दिसावी, हे दुसरे. आणि तिसरे खास आपल्या शेतकरी वर्गाचे, ते असे की, गवताचा उंच भारा लादला असता गाडी कलंडू नये. पहिल्या दोन कारणांस उत्तर देण्याची गरज नाही. तिसऱ्यात मात्र थोडे तथ्य आहे, कारण दोन चाकांमधील अंतर वाढले म्हणजे गाडीचा तोल काहीसा सावरतो. याच तथ्याला भुलून मीही फसलो, म्हणून तो प्रसंग सांगतो.

माझा पुतण्या भेंडी, काकडी व हंगामात गवत पिकअपमधून कल्याणच्या बाजारात नेतो. त्याने मागील चाकांस दीड इंची चकत्या बसविण्याचे मनात आणले, आणि त्याचे पैसे मी दिले. सात-आठ महिने काही झाले नाही. पुढे ज्येष्ठातील पहिल्या पावसात, काटई-कर्जत रस्त्यावर बदलापूरच्या पुढे, भरल्या गाडीचे मागचे डावे चाक निखळले. गाडी खरडत जाऊन थांबली व पुतण्या सुखरूप राहिला. परंतु सुटलेले चाक गाडीच्या पुढे धावत गेले आणि रस्त्याच्या कडेस रानभाज्या विकावयास बसलेल्या ठाकूरवाडीतील एका बाईच्या पायावर आदळले. पाय मोडला. औषधोपचाराचा खर्च आम्ही केला, पण ऐन आवणीचा हंगाम तिचा गेला, आणि ज्याच्या घरची मिळकत रोजच्या हातांवर चालते त्याचा हंगाम पैशाने भरून देता येत नाही.

नंतर चाक पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चाक आणि चकती ही दोन्ही एकत्रच निघाली होती. बाहेरचे नट जागच्या जागी घट्ट होते. पुतण्याने ते त्याच सकाळी पान्याने आवळलेही होते! जे नट सैल झाले ते चकतीला हबशी धरणारे, म्हणजे चाकाच्या मागे दडलेले होते. हबच्या पाच स्टडांपैकी तीन तुटले होते व दोहोंचे नट गळून पडले होते. तुटलेल्या स्टडांच्या तोंडाचा मोठा भाग काळवंडलेला व थोडासाच भाग चकचकीत होता. याचा अर्थ, ते एकाएकी तुटले नव्हते. कित्येक दिवस थोडेथोडे चिरत गेले होते.

हे का घडते, ते समजून घेतले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की, चाक स्टडांवर खुंटीवर टांगल्यासारखे टांगलेले असते. तसे नव्हे. नट आवळला म्हणजे पोलादी स्टड किंचित ताणला जातो व त्या ताणाने चाक हबवर घट्ट दाबले जाते. दोन्ही सपाट तोंडे एकमेकांस जखडून राहतात आणि वजन मुख्यतः त्या घर्षणावर तोलले जाते. गवताच्या भाऱ्याची दोरी आवळलेली असेपर्यंत भारा हलत नाही. दोरी सैल झाली की भारा हेलकावतो, दोरी घासते आणि शेवटी तुटते. स्टडाचेही असेच आहे. ताण गेला की प्रत्येक फेऱ्यास चाक सूतभर हलते, प्रत्येक हेलकाव्यास स्टड वाकतो, आणि आट्याच्या खोबणीत चीर पडते.

आता चकती मध्ये घातली म्हणजे काय होते ते पाहावे. साधी चकती असेल तर जुन्याच स्टडांवर ती चढते. तिच्या जाडीइतके आटे वाया जातात व नट थोड्याशाच आट्यांवर टेकतो. चकतीला स्वतःचे स्टड असतील तर जेथे एक जोड होता तेथे दोन होतात, आणि त्यांतला आतला जोड चाक काढल्याशिवाय दिसतच नाही. चकतीचे भोक हबच्या कंगोऱ्यावर नेमके बसले नाही, अथवा मध्ये गंज, रंग वा माती राहिली, तर ती दबून काही मैलांतच नट सैल होतात.

शिवाय वजनाची तरफ वाढते. एका चाकावर ५०० किलो भार आहे व चाक २५ मिलिमीटर बाहेर आले, असे समजा. हबवर १२.५ किलो-मीटर इतका वाकविणारा जोर अधिक पडतो. आणि हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. पावसाळ्यात खड्ड्यात चाक आदळले म्हणजे तोच जोर कित्येक पट होतो. निर्मात्याने बेअरिंगची जागा ठरविली ती चाकाच्या मूळ जागेचा हिशेब करून; तो हिशेब आपण परस्पर मोडतो.

चाकाच्या रचनेत एक जास्तीचा थर घालणे मोठमोठ्या तज्ज्ञांसही कसे बाधते, याचे उदाहरण जर्मनीतील आहे. तेथील वेगवान आगगाडीच्या चाकांचा खडखडाट कमी व्हावा म्हणून चाक व त्यावरील पोलादी धाव यांच्यामध्ये रबराचा थर घातलेली चाके बसविली होती. ३ जून १९९८ रोजी एशेडे गावाजवळ अशा एका चाकाची धाव, धातू थकून पडलेल्या चिरेमुळे, तुटली. गाडी रुळांवरून घसरून पुलावर आदळली व १०१ माणसे मृत्युमुखी पडली. जेथे अभियंत्यांचा हिशेब चुकला, तेथे लेथवर कातलेल्या, कोणत्या धातूची आहे हेही ठाऊक नसलेल्या चकतीचा काय भरवसा?

मी आयुष्य महसुली दप्तरात काढले, म्हणून मला एक तुलना सुचते. जमिनीत काही बदल झाला म्हणजे गाव नमुना ६ मध्ये फेरफार लिहिला जातो, हितसंबंधीयांस नोटीस जाते, हरकत असल्यास ऐकली जाते व मगच अधिकारी नोंद प्रमाणित करतो. गुंठाभर जमिनीकरिता एवढी दक्षता. आणि ज्या चाकावर परक्याचा जीव अवलंबून आहे त्याचा फेरफार मात्र विनानोंद, विनाहरकत, अर्ध्या तासात! जर्मनीत अशी चकती बसवावयाची तर तिचे चाचणीपत्र व तज्ज्ञाची तपासणी लागते. आपल्याकडेही कायदा मुका नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अशा बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही सांगितली आहेत. न कळविलेल्या बदलामुळे विमा कंपनीही भरपाईस हरकत घेऊ शकते, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, पुष्कळांनी चकत्या बसविल्या आहेत व त्यांच्या गाड्या चालतात. माझ्या पुतण्याचीही सात-आठ महिने चालली होती. चीर पडत असते तेव्हा गाडी बोलत नाही.

यास्तव माझी सूचना अशी आहे :

१. चकती बसविली असल्यास ती काढून टाकावी व मूळ मापाचेच टायर-रिम घालावेत. काढताना हबचे सर्व स्टड तपासून घ्यावेत. एकही तुटला वा चिरला असेल तर सगळे बदलावेत.

२. भारा कलंडण्याची भीती असेल तर भाऱ्याची उंची कमी करावी व एक खेप जास्त करावी. डिझेलाचा खर्च माणसाच्या पायापेक्षा स्वस्त आहे.

३. ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर वाढवावयाचे असेल तर बहुतेक ट्रॅक्टरांत निर्मात्यानेच रिम व डिस्क उलटसुलट बसविण्याची सोय ठेवलेली असते; पुस्तिकेत पाहून तिचाच उपयोग करावा. चिखलणीची लोखंडी पिंजरा-चाके घालून रस्त्यावर जाऊ नये.

४. चाक काढून पुन्हा बसविले की नट समोरासमोरचे आळीपाळीने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत व ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले, चाकातून टकटक आवाज आला अथवा एक हब दुसऱ्यापेक्षा अधिक तापला, तर गाडी तेथेच थांबवावी.

बदलापूरचे नाव, येथे शिवकालात थकलेले घोडे बदलीत असत त्यावरून पडले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. थकला तो घोडा बदलावा, हे शहाणपणच आहे. पण म्हणून कोणी घोड्याच्या पायास लाकडी ठोकळे बांधून तो मजबूत झाला असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

ती बाई आता हिंडू-फिरू लागली आहे, पण चिखलात वाकून आवणी करणे तिला जमत नाही. तिच्या गाठी कोणतीही गाडी नव्हती, चकतीही नव्हती, आणि आमच्या फेरफाराची नोटीसही तिला कोणी दिली नव्हती. एवढे ध्यानी घेऊन वाचकांनी आपापली चाके आजच पाहावीत, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.