टाके पिकले, तर दोष भाताचा नाही!

ऑपरेशननंतर पाच-सहा दिवसांनी जखमेतून पू येऊ लागला, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पेशंटला भात दिला होता का?" कुणी वांग्याला दोष देतं, कुणी डाळीला. वाईट याचं वाटतं, की कधी कधी दवाखान्यातूनही हेच ऐकवलं जातं. "पथ्य पाळलं नाही", "तुमची प्रकृतीच तशी".

भाताने टाके पिकत नाहीत. ते जंतूंमुळे पिकतात. हे जंतू रुग्णाच्या त्वचेवरून, न धुतलेल्या हातांवरून किंवा नीट निर्जंतुक न केलेल्या साहित्यावरून जखमेत शिरतात. मधुमेह आणि तंबाखू धोका वाढवतात, हे खरं. सगळी काळजी घेऊनही एखादं इन्फेक्शन होतं, हेही खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो, की भरती झालेल्या दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच इन्फेक्शन होतं. सगळं नशिबावर असतं, तर हा आकडा तिकडे निम्मा कसा?

आता दिवसांचा हिशेब पाहा. हर्नियाचा रुग्ण एरवी एक-दोन दिवसांत घरी जातो. पू झाला, की टाके उघडावे लागतात. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात. मग शिरेतून अँटिबायोटिक आणि रोज ड्रेसिंग. उघडी जखम आतून भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात. रुग्णालयाचं बिल वाढतं आणि ते बहुतेक वेळा तुम्हीच भरता. सिन्नरमध्ये विड्या वळणाऱ्या बाईची किंवा एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची बुडालेली मजुरी तर कुठल्याच बिलात दिसत नाही.

उलटंही तितकंच खरं आहे. मुक्काम जितका लांबतो, तितकी इन्फेक्शनची संधी वाढते. लघवीची नळी आणि सलाईनची सुई रोज थोडा थोडा धोका वाढवतात. म्हणून "विम्यात बसतंय, दोन दिवस जास्त राहू द्या" हा आग्रह सोडा. कॉटवर पाच-सहा नातेवाईक बसवणंही सोडा.

"भारी अँटिबायोटिक दहा दिवस दिलं, आता काळजी नाही" हा दुसरा गैरसमज. ज्या ऑपरेशनला अँटिबायोटिक लागतं, तिथे ते चिरा देण्याआधीच्या दोन तासांत द्यायचं असतं. इन्फेक्शन नसताना ऑपरेशननंतर ते निव्वळ खबरदारी म्हणून लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते आहे. महागडं औषध हे हात धुण्याला पर्याय नाही.

ऑपरेशन ठरलं, की एवढं विचारा :

• ऑपरेशनच्या दिवशीच भरती होता येईल का?
• आधी अंघोळ कधी करायची? केस काढणं गरजेचं असेल तर वस्तऱ्याऐवजी क्लिपरने काढाल ना?
• लघवीची नळी कधी काढणार?
• तुमच्याकडे १०० ऑपरेशनमागे किती जखमांना इन्फेक्शन होतं?

शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. माझी खरी तक्रार इथेच आहे. जखमेचं इन्फेक्शन ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत, आणि सांधा किंवा प्लेट बसवली असेल तर काही ऑपरेशनमध्ये ९० दिवसांपर्यंत मोजायचं असतं. पण पुष्कळदा पू डिस्चार्जनंतर दिसतो, रुग्ण जवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाची वही कोरी राहते. मग "आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही" म्हणायला मोकळे!

एनएबीएच मान्यता घेणाऱ्या रुग्णालयांना ही नोंद ठेवावी लागते. वीस खाटांच्या नर्सिंग होमला ती का जमू नये? एक वही आणि तिसाव्या दिवशी रुग्णाला एक फोन, एवढाच खर्च आहे. माझे काही डॉक्टर मित्र हे वाचून रागावतील. रागवावं, पण वही सुरू करावी. आणि तुम्ही प्रश्न विचारायला लाजू नका. जखम तुमची आहे, दिवसही तुमचेच जाणार आहेत.